डाव्या हाताची गाठ

डोळा भरला की एकवीस दिवस त्या खुंटाकडे बघायचं नाही, असा आमच्या सासऱ्यांचा नियम. बघून बघून डोळा धरत नाही, म्हणतात. मी चोरून बघते. कॉलेजात तीन वर्षं वनस्पतीशास्त्र शिकले, पण त्याचा इथे काही उपयोग झाला नाही, कारण मी भरलेले डोळे शंभरातले साठ धरतात आणि सासूबाईंचे सत्त्याण्णव.

आमची संत्र्याची रोपवाटिका. न्हाणीच्या दारापासून वाफे सुरू होतात ते थेट पाण्याच्या टाकीपर्यंत. जंगली लिंबाचा पेन्सिलीएवढा जाड खुंट, त्याच्या सालीला चाकूने चीर पाडायची, चांगल्या झाडाच्या काडीवरचा एक डोळा कापून त्या चिरेत सरकवायचा आणि वरखाली प्लास्टिकच्या पट्टीने आवळून बांधायचं. डोळा तेवढा उघडा ठेवायचा. डोळ्याशी पानाचा देठ नखाएवढा राखायचा. एकवीस दिवसांनी देठाला बोट टेकवलं आणि तो गळून पडला, तर डोळा धरला. देठ वाळून चिकटून बसला, तर गेला.

हे सगळं करायला वर्षातले वीस-बावीस दिवस मिळतात. तेवढेच दिवस खुंटाची साल ओली असते, चाकूच्या टोकाने सुटते. यंदा ऊन लवकर आलं. अडीच हजारांतले निम्मे खुंट व्हायचे होते आणि साल आताच कुरकुरायला लागली होती.

त्या सोमवारी सकाळी आम्ही चौघं वाफ्यात बसलो होतो. सासरे चिरा पाडत होते, मी डोळे सरकवत होते, मजुरीला येणारी बोळकी मावशी पट्ट्या बांधत होती. तोंडात एकही दात नाही म्हणून ती बोळकी, आणि हे नाव तिचं तिनेच सगळ्यांना सांगितलेलं. चौथी माझी मुलगी. तीन वर्षांची. दिसेल ते गालात साठवते म्हणून तिचा आजा तिला खारूताई म्हणतो. मी दर दोन डोळ्यांनंतर वळून तिच्या तोंडात बोट घालून बघत होते.

"अगं, तिचे गाल तपासतेस की डोळा भरतेस?" बोळकी म्हणाली. "काडी सुकली बघ हातात."

फोन टाकीजवळच्या खिळ्याला पिशवीत अडकवलेला असतो, कारण रेंज तिथेच येते. तो वाजला तसे सासरे उठले. एवढ्या घाईत मी त्यांना चालताना पाहिलं नव्हतं.

"हां, बोला. नवराच बोलतोय तिचा," ते ओरडत होते. एका कानाने त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे सगळं जगच बहिरं आहे असं समजून ते बोलतात. "आला का रिपोर्ट? शुक्रवारी, बरं. बाई, मला ते बाकीचं समजत नाही. एवढंच सांगा, धरलं का?"

मग त्यांनी पलीकडचं ऐकलं. फोन कानाचा काढून पाहिला, परत लावला. "हॅलो" म्हणाले. रेंज गेली होती.

परत आले तेव्हा दोन्ही हात पँटला पुसत होते, कोरडे असूनही.

"धरलं," ते म्हणाले.

"काय धरलं?" बोळकी म्हणाली.

"औषध. औषध धरलं. मी विचारलं धरलं का, तर म्हणाली धरलंय. शुक्रवारी या म्हणाली."

सासूबाई दाराच्या उंबऱ्यावर बसून रोपांच्या चिठ्ठ्या लिहीत होत्या. डोक्याला रुमाल, डाव्या हाताला दंडापासून मनगटापर्यंत घट्ट लवचीक बाही. चार वर्षांपूर्वी डावा स्तन काढला तेव्हापासून तो हात सुजतो. दीड वर्षापूर्वी काखेत परत आलं. आणि यंदा तिसऱ्यांदा, मानेच्या खाली, हाताला वाटाणा लागावा तसं. सहा सलाईनी झाल्या होत्या. आता सगळ्या अंगाचा फोटो काढला होता आणि त्या सहांनी काय केलं ते त्यात दिसणार होतं.

"नीट ऐकलंत का?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही कानांनी."

"एका कानाने तुम्हाला ऐकू येत नाही."

"मग एकानेच दोनदा ऐकलं."

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी हातातली चिठ्ठी पूर्ण केली, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "माझा चाकू कुठे आहे?"

*

त्यांचा चाकू गेले दहा महिने तेलाच्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला होता. नको म्हणायची कुणाची छाती होती? नवरा पिशव्यांत माती भरायचं सोडून आला, आईला चाकू हातात घेऊन वाफ्यात उतरताना बघून तसाच उभा राहिला. मग त्याने शेडमधून एक पाट आणून टाकला आणि परत गेला.

सासूबाई डावखुऱ्या. आसपासच्या सगळ्या रोपवाटिकांत त्यांना डावरी म्हणतात, आणि ते नाव मानाने घेतात. त्यांनी पहिली चीर पाडली. सरळ, जेवढी हवी तेवढीच खोल. डोळा कापला, तो ढालीसारखा सुबक निघाला. हे सगळं नजरेचं काम. मग त्यांनी पट्टी घेतली.

सलाईनींनी त्यांच्या बोटांची टोकं मेली होती. नखं काळपट, आतून बधिर. मागच्या महिन्यात चहाचं पातेलं उतरवताना बोट भाजलं ते त्यांना वासाने कळलं. दोन बटणं लावायला त्यांना मी लागते, आणि मी लावताना त्या भिंतीकडे बघतात. पट्टी बांधायला नजर कामाची नाही. पट्टी ताणायची, ती तुटायच्या अलीकडे कुठे तरी थांबते, ती जागा बोटाला समजते. त्यांच्या बोटाला ती समजत नव्हती. त्यांनी सात वेढे दिले, शेवटच्या वेढ्याखालून टोक डावीकडे ओढून गाठ मारली, आणि मला समोरून दिसत होतं की पट्टी आणि साल यांच्यामध्ये नख जाईल एवढी फट आहे.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"मस्त," सासरे म्हणाले.

बोळकीने माझ्याकडे पाहिलं. मी काडी शोधायला खाली वाकले.

दुपारपर्यंत त्यांनी चाळीस बांधले. जेवून त्या आडव्या झाल्या तेव्हा नवरा वाफ्यात आला, उकिडवा बसून एक खुंट अंगठ्याने दाबून पाहिला. डोळा आतल्या आत हलला.

"सगळे असेच आहेत?"

"बहुतेक."

"परत बांध," तो म्हणाला. "ती झोपलीय तोवर."

"त्यांना सांगून बांधते ना."

"दहा महिन्यांनी बाहेर आलीय ती. तू सांग मग जाऊन."

मी नाही गेले. मी चाळीसच्या चाळीस पट्ट्या सोडल्या आणि परत आवळल्या. खारूताई माझ्या शेजारी बसून सोडलेल्या पट्ट्या गोळा करत होती. "आजीचं सोडलं," ती दर वेळी म्हणायची. "आजीचं सोडलं." मी तिला गप्प केलं, मग गालात बोट घालून बघितलं. एक पट्टी होतीच.

मंगळवारीही तेच. सकाळी त्या बांधायच्या, दुपारी मी सोडायची. त्या गुणगुणत असायच्या. बोळकीला चिडवत होत्या, "तुझे दात असते तर तू पट्टी दातानेच ओढली असतीस." बोळकी म्हणाली, "असते तर तुझ्याकडे कशाला आले असते मजुरीला, सिनेमात गेले असते." संध्याकाळी सासूबाईंची पाठ धरली. दोन्ही हात कमरेवर ठेवून त्या उठल्या, मध्येच थांबल्या, मग पूर्ण उठल्या.

"दहा महिने बसून खाल्लं की असंच होतं," त्या म्हणाल्या.

*

बुधवारी मी दवाखान्यात फोन केला. शुक्रवारी उपाशी यायचं की खाऊन, एवढंच विचारायचं होतं. घरात दवाखान्याची फाईल मी सांभाळते. कागद इंग्रजीत असतात आणि घरात ते मलाच वाचता येतात. पण फाईलपेक्षा मोठी एक गोष्ट माझ्याकडे होती.

दुसऱ्यांदा झालं तेव्हा सासूबाईंना ते वॉर्डात कळलं होतं. ढकलगाडीवर निजवून नेत होते, आणि गाडी ढकलणारा पुढच्याला म्हणाला, "ही काखेतली. परत आलेली." त्यांच्या डोक्यावरून. आम्ही मागे पिशव्या सावरत चाललो होतो आणि आम्हाला सगळ्यांना ते आदल्या दिवसापासून माहीत होतं. घरी आल्यावर आठवड्याने त्यांनी मला न्हाणीत बोलावलं. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "एवढं कर. परत झालं तर मला घरात सांगायचं. घरातल्या माणसाने. आणि तूच सांगायचं, ही दोघं सांगणार नाहीत." मी हो म्हटलं होतं. ओल्या हाताने त्यांनी माझा हात धरून ठेवला होता, मी परत एकदा हो म्हणेपर्यंत.

फोनवरच्या बाईने नंबर विचारला, कागद चाळले.

"अहो, हे तर सोमवारीच सांगितलं मी त्यांच्या मिस्टरांना. खाऊन या, पण लवकर या. डॉक्टर किरणांचा शेक कधी सुरू करायचा ते बघतील."

"शेक कशाला?" मी म्हटलं.

"मणक्यांना. पाठीच्या दोन मणक्यांना धरलंय ना."

ती म्हणाली, "हॅलो? तेच सांगत होते मी त्यांना. ते म्हणाले, धरलं का, तर मी म्हटलं, धरलंय, दोन मणक्यांना धरलंय. मग फोन कट झाला. मला वाटलं ऐकलं त्यांनी."

"हो," मी म्हटलं. "ऐकलं त्यांनी."

पिशवीत फोन ठेवताना पिशवी खिळ्यावरून दोनदा पडली. वाफ्यात तिघं एका रांगेत बसलेली दिसत होती. सासरे चीर पाडून पुढे सरकत होते आणि सरकताना प्रत्येक वेळी मागे वळून सासूबाईंच्या हाताकडे बघत होते. चाळीस वर्षं त्यांनी एकच शब्द वापरला. डोळा धरला, रोप धरलं, झाडाने फळ धरलं. त्यांच्या कोशात तो शब्द वाईट अर्थाने कधी आलाच नव्हता.

नवरा शेडमध्ये माती भरत होता. मी सांगितलं. त्याने फावडं थांबवलं नाही. एक पिशवी भरली, जमिनीवर आपटून बसवली, बाजूला ठेवली, दुसरी उघडली.

"बाबांना बोलू नकोस," तो म्हणाला.

"बाबांचं नाही, आईंचं विचारतेय. मी त्यांना शब्द दिलाय."

"शुक्रवारी कळेलच."

"डॉक्टरच्या तोंडून. तेच नको होतं त्यांना."

"दोन दिवस." त्याने पिशवीत हात घालून माती दाबली. "दोन दिवस बांधू दे तिला. गुणगुणते आहे ती, ऐकलंस ना तू? मी लहान होतो तेव्हा गुणगुणायची. मला वाटलं होतं ते गेलं."

"खोटं बांधताहेत त्या. मी सोडतेय ते."

"मग सोड."

एवढं बोलून त्याला स्वतःचंच वाईट वाटलं असावं. त्याने माझ्या हातावरची माती पुसली, आणि पुसताना आणखी लावली.

त्या दुपारी मी साठ पट्ट्या सोडल्या. बोळकी जेवणानंतर थोडी लवंडते, पण त्या दिवशी ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिनेही सोडायला घेतल्या.

"काय आलंय फोनवर?" तिने विचारलं.

"उपाशी यायचं नाही म्हणाले."

"बरं," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुला खोटं बोलताना मान खाजवायची सवय आहे. कॉलेजात तेवढं काढून टाकायला पाहिजे होतं त्यांनी."

*

गुरुवारी मी तीनदा सांगायला गेले.

सकाळी बटणं लावताना सुरुवात केली, "आई, ते शुक्रवारचं", तेवढ्यात खारूताई ओरडली, तिने मुंगी गालात ठेवली होती. दुसऱ्यांदा चहा घेऊन गेले, तर सासरे तिथे बसून पुढच्या वर्षी टाकीपलीकडच्या तुकड्यात किती खुंट लावायचे ते सांगत होते, आणि सासूबाई "एवढे नको, माझ्याच्याने होणार नाहीत" म्हणत होत्या, आणि ते "होतील गं" म्हणत होते. मी कप ठेवून परत आले. तिसऱ्यांदा त्या एकट्याच होत्या. मी विचारलं, "भात पातळ करू का?"

दुपारी त्या झोपल्या म्हणून मी वाफ्यात गेले. आठ-दहा पट्ट्या सोडल्या असतील. पाठीवर ऊन होतं आणि मग ते नव्हतं. मी वर पाहिलं. त्या उभ्या होत्या. रुमाल काढलेला, नुकते उगवलेले केस उन्हात राखेच्या रंगाचे.

सोमवारच्या रांगेपासून सुरुवात करून त्या एकेका खुंटापाशी वाकत गेल्या. बोट लावत नव्हत्या, नुसतं बघत होत्या. सोमवार, मंगळवार, बुधवार. वाकताना डावा हात कमरेवर. शेवटच्या खुंटापाशी पोचल्या, सरळ झाल्या आणि घरात गेल्या.

मी उरलेल्या सोडल्या नाहीत. तशीच बसून राहिले. बोळकी लांबून म्हणाली, "ऊन लागेल, ऊठ." मी उठले.

ऊन उतरल्यावर न्हाणीतून हाक आली, "पाठ चोळायला ये गं."

त्या पाटावर पाठमोऱ्या बसल्या होत्या. बाही काढलेली होती आणि हात पांढराफटक, विणीचे वळ उमटलेले. मी पाठीवर कोमट पाणी ओतलं. मणके एक एक मोजता येत होते. मला मोजायचे नव्हते.

"इथे," त्या म्हणाल्या. हात मागे आणून त्यांनी जागा दाखवली. मी तळवा ठेवला, दाबला नाही.

"दाब की."

"दुखेल."

"कशाने दुखेल?"

मी पाणी घेतलं, ओतलं. भांडं बादलीच्या काठावर आपटलं.

"डावखुऱ्या माणसाची गाठ डावीकडे ओढलेली असते," त्या म्हणाल्या. "तुम्हा सगळ्यांची उजवीकडे. तीन रांगांत एकही टोक डावीकडे नाही."

"पट्ट्या सैल होत्या, आई. डोळे हलत होते. म्हणून."

"मला ठाऊक आहे सैल होत्या. पहिल्याच दिवशी कळलं. बोटाला कळत नाही म्हणून मला कळत नाही की काय? म्हटलं, कुणी तरी म्हणेल, की बाई, राहू दे. कुणी म्हणालं नाही." त्या थांबल्या. "पट्टी सैल झाली म्हणून कुणी एवढं लपवत नाही. तू कालपासून माझ्याकडे बघत नाहीस. परवापर्यंत बघत होतीस."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. हात काढला असता तर सांगता आलं नसतं.

"बाबांनी विचारलं, धरलं का," मी म्हटलं. "ती धरलंय म्हणाली. ते खरंच आहे. पण ती औषधाचं म्हणत नव्हती."

"कुठे?"

"इथेच. दोन."

पाण्याचा थेंब भांड्यात पडत राहिला. मग त्यांची पाठ हलायला लागली. मी खाली बसून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या हसत होत्या. आवाज न करता, डोळे मिटून, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

"त्याला तरी दुसरा शब्द कुठे येतो," त्या म्हणाल्या. "मला मागणी घालायला आला तेव्हा माझ्या बापाला म्हणाला, मन धरलंय." जन्मभर नवऱ्याला अहोजाहो करणारी बाई पहिल्यांदा एकेरीवर आली होती, आणि तिला ते कळलंही नव्हतं.

मग त्या रडल्या. फार नाही. मी टॉवेल घातला, त्यांचे हात ब्लाउजच्या बाह्यांत घातले, बटणं लावली. या वेळी त्या भिंतीकडे बघत नव्हत्या, माझ्या बोटांकडे बघत होत्या.

"उशीर केलास," त्या म्हणाल्या. "पण घरात सांगितलंस."

सासरे दारातच बसून चाकूंना धार लावत होते. सासूबाई त्यांच्या उजव्या बाजूला, ऐकू येणाऱ्या कानाशी, वाकल्या. एखादी चहाडी सांगावी तसं दिसत होतं. मी न्हाणीच्या दारात टॉवेल पिळत उभी राहिले. धार लावायचा आवाज थांबला. त्यांनी चाकू मिटला, दुसरा घेतला, तोही मिटला. सगळे चाकू मिटून झाल्यावर म्हणाले, "मी नीट ऐकलं होतं गं."

"नीटच ऐकलंत," त्या म्हणाल्या. "तिने शब्द तोच म्हटला होता."

मग त्यांनी विचारलं, "पोरांना कधीपासून माहीत होतं?" आणि उत्तराची वाट न बघता दावणीला बांधलेलं जनावर सुटावं तसे उठून टाकीकडे चालत गेले. तिथे त्यांनी पिशवीतून फोन काढला, बघितला आणि परत पिशवीत ठेवला.

*

शुक्रवारी उजाडताच मला वाफ्यातून हाक आली. टेम्पो सात वाजता येणार होता. सासूबाई पाटावर बसल्या होत्या, चाकू नव्हता, हात मांडीवर.

"तू बांध," त्या म्हणाल्या. "मी बघते."

मी पट्टी ताणली.

"सैल."

आणखी ताणली.

"आता गळा आवळतेस त्याचा. रस्ता ओलांडताना लेकीचं मनगट धरतेस ना? सुटू नये, पण वळ उठू नये. तेवढं."

मी पाच वेढे दिले तेव्हा मला ते थोडंसं कळलं, मग निसटलं. चौथ्या खुंटाला परत कळलं. त्या मान हलवत होत्या. दहा झाल्यावर त्यांनी रांगेच्या टोकाच्या पाच खुंटांकडे बोट दाखवलं.

"ते माझे. त्यांना कुणी हात लावायचा नाही."

पाच खुंट बांधायला त्यांना अर्धा तास लागला. टेम्पोवाल्याने दोनदा भोंगा वाजवला. तो इतकी वर्षं आमची रोपं वाहतो आणि आता आम्हालाही. रोपांसाठी मागे पोतं अंथरायचा, सासूबाईंसाठी त्याने स्वतःच्या घरची गादी टाकली होती. "हळू चालव," सासरे म्हणाले. "रोपांच्या वेळी सांगत होतात तेवढं हळू, की त्याहून?" त्याने विचारलं. "त्याहून," ते म्हणाले.

दहा दिवस शेक. मग परत सलाईन, दुसरी, आधीपेक्षा कडक. डॉक्टरबाईंनी सासूबाईंना समोर बसवून सांगायला घेतलं तशा त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे, घरून कळलंय." डॉक्टरबाईंनी आमच्याकडे पाहिलं, मग फाईल मिटून पुढचं नीट सावकाश सांगितलं. हा आजार काढून टाकायचा नाही आता, धरून ठेवायचा, असं त्या म्हणाल्या. त्यांचाही तोच शब्द. सासरे खिडकीकडे बघत होते.

त्यानंतर घरात तो शब्द कुणी काढेना. ठरवलं नव्हतं. बोळकीसुद्धा "आला", "लागला" असं काहीतरी म्हणून वेळ मारून न्यायची. ऊन चढलं, साल चिकटली, दोनशे खुंट तसेच राहिले. नवरा रोज पहाटे आईला घेऊन जायचा, दुपारी आणायचा, आणि मग माती भरायला बसायचा. आई काय म्हणाली विचारलं तर म्हणायचा, "झोपली गाडीत."

त्या शुक्रवारपासून एकविसाव्या दिवशी त्यांना बाहेर यायचं होतं. चालता येत नव्हतं म्हणून बाज वाफ्याच्या कडेला आणली. पाठीखाली उशा. तोंडात फोड आले होते, त्यामुळे बोलताना ओठ कमीत कमी हलायचे. खारूताई त्यांच्या पायाशी बसली होती. मी तिच्या गालात बोट घालायला गेले तर सासूबाईंनी डोळ्यांनीच नको म्हटलं. मुलीने आपणहून तोंड उघडून दाखवलं. रिकामं होतं.

सासरे सोमवारच्या रांगेपासून निघाले. देठाला बोट टेकवायचं, देठ गळायचा, पुढे जायचं. मी वहीत रेघा मारत होते. मी बांधलेल्यांपैकी बहुतेकांचे देठ गळत होते. "हिरवा," ते म्हणायचे. "हिरवा. हिरवा. गेला. हिरवा."

शेवटच्या पाचांपाशी ते गुडघ्यावर बसले. पाचही गाठींची टोकं डावीकडे होती. आम्हा सगळ्यांना त्यांची पाठच दिसत होती.

"किती?" सासूबाईंनी विचारलं.

"चांगले आहेत."

"किती ते विचारलं."

"पाचही," सासरे म्हणाले.

"खरं सांगा."

त्यांनी मान वळवली नाही. "दोन," ते म्हणाले.

"दोन काय?"

वारा नव्हता. शेडमधलं फावडं थांबलं होतं.

"दोन धरलेत," सासरे म्हणाले.

सासूबाईंनी डोळे मिटले आणि मान हलवली, आपल्या मनाशी काही जुळलं असावं तशी. मी वहीत दोन रेघा मारल्या. त्या वाकड्या आल्या.

"ते तीन उपटू नका," त्या म्हणाल्या. "खुंट जिवंत आहे. पुढच्या वर्षी पलीकडच्या बाजूने परत भरा."

भरा म्हणाल्या. इतकी वर्षं वाफ्यात बसून त्या नेहमी भरू म्हणायच्या. मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं, चांगला कान इकडेच होता. ते तिथेच बसून राहिले आणि त्या तीन खुंटांना चिकटलेले देठ बोटाने हलवून बघत राहिले.